धुराचा माग, धुळीचा शोध : उपग्रहाला काय दिसते, काय दिसत नाही?

- विशेष प्रतिनिधी

रविवार, २३ जानेवारी २०२२. मुंबई आणि पुण्याचा आसमंत त्या दिवशी पांढुरक्या पडद्याआड गेला होता. मोटारींच्या काचांवर पिठासारखा थर साचला, समोरच्या इमारती अस्पष्ट झाल्या आणि भर दुपारीही हवेत गारवा जाणवत राहिला. धुके म्हणावे, तर दिवस वर आला तरी ते विरत नव्हते. धूर म्हणावा, तर जळके काही आसपास नव्हते. हा सारा धुरळा होता आणि तो महाराष्ट्रातला नव्हताच. पाकिस्तानात कराचीच्या परिसरात उठलेले धुळीचे वादळ अरबी समुद्र आणि सौराष्ट्राचा किनारा ओलांडून येथवर आले होते. समुद्रावर पसरलेला धुळीचा करडा पट्टा उपग्रहांच्या छायाचित्रांत दिसत असल्यामुळेच हे कोडे लवकर उलगडले.

वणव्यांचा धूर आणि वाळवंटातील धूळ यांना देशांच्या सीमा ठाऊक नसतात. त्यांचा माग काढण्याचे सर्वांत मोठे साधन आज कृत्रिम उपग्रह हेच आहे. वणवे, पिकांचे अवशेष जाळणे, धुळीची वादळे यांविषयीच्या बातम्यांसोबत लाल ठिपक्यांचा किंवा तपकिरी लोटांचा नकाशा आता हमखास असतो. त्या नकाशांच्या आधारे शहरांना इशारे दिले जातात, सरकारे यशाचे दावे करतात आणि शेतकऱ्यांवर कारवाईही होते. म्हणूनच हे नकाशे तयार कसे होतात आणि त्यांतून नेमके काय सिद्ध होते, हे सर्वसामान्य वाचकालाही माहीत असणे आवश्यक आहे. उपग्रह फार काही पाहतो. मात्र आपण नाकाने आत घेतो ती हवा तो थेट पाहत नाही. या दोहोंतील अंतर कसे भरून काढले जाते, हाच या लेखाचा विषय आहे.

दोन तऱ्हेचे पहारेकरी

हवेतील कणांवर लक्ष ठेवणारे उपग्रह प्रामुख्याने दोन प्रकारचे आहेत. पहिला प्रकार ध्रुवीय कक्षेतील उपग्रहांचा. जमिनीपासून सुमारे सातशे-आठशे किलोमीटर उंचीवरून ते उत्तर-दक्षिण फेऱ्या मारतात आणि पृथ्वी त्यांच्याखाली फिरत असल्याने दिवसभरात जवळजवळ संपूर्ण पृष्ठभाग नजरेखालून घालतात. अमेरिकेच्या 'नासा'ने डिसेंबर १९९९ मध्ये सोडलेला 'टेरा' आणि मे २००२ मधील 'अ‍ॅक्वा' हे यांतील सर्वांत परिचित. दोघांवरही 'मोडिस' हे उपकरण आहे. ते ३६ निरनिराळ्या तरंगलांबींवर, २,३३० किलोमीटर रुंदीचा पट्टा एका फेरीत टिपते. या दोन उपग्रहांनी आपले अपेक्षित आयुष्य केव्हाच ओलांडले असून, इंधन वाचविण्यासाठी त्यांच्या कक्षा दुरुस्त करणे थांबविण्यात आल्याने त्यांच्या येण्याच्या वेळाही सरकू लागल्या आहेत. त्यांचे काम आता 'व्हिअर्स' या अधिक तीक्ष्ण नजरेच्या उपकरणाकडे जात आहे. २०११, २०१७ आणि २०२२ मध्ये सोडलेल्या तीन उपग्रहांवर ते बसविलेले आहे.

दुसरा प्रकार भूस्थिर उपग्रहांचा. विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर ते पृथ्वीच्याच गतीने फिरतात, त्यामुळे एकाच भूभागावर अखंड नजर ठेवू शकतात. भारताचे इन्सॅट-३डीआर (२०१६) आणि इन्सॅट-३डीएस (२०२४) याच जातीचे. जपानचे 'हिमावारी' आणि अमेरिकेचे 'गोज' मालिकेतील नवे उपग्रह दर दहा मिनिटांनी अर्ध्या पृथ्वीचे चित्र पाठवितात. युरोपच्या हवामान उपग्रह संघटनेने आपला एक 'मेटिओसॅट' हिंदी महासागरावर नजर ठेवण्यासाठी दिलेला असून अरबस्तानातून निघणाऱ्या धुळीचा प्रवास त्यातून पाहता येतो.

या दोन प्रकारांत निसर्गतःच एक तडजोड आहे. जवळून पाहणाऱ्याला बारकावे दिसतात. पण तो दिवसातून एकदा-दोनदाच येतो. दुरून पाहणारा कधीच डोळे मिटत नाही. पण त्याला बारीक गोष्टी दिसत नाहीत. ही तडजोड पुढे पंजाबच्या शेतांत किती महत्त्वाची ठरते, ते आपण पाहणारच आहोत.

ढग कोणता, धूळ कोणती, धूर कोणता?

साध्या रंगीत छायाचित्रात दाट धूर निळसर करडा आणि धूळ पिवळट तपकिरी दिसते. या फरकामागे कणांचा आकार आहे. धुराचे बहुतेक कण एक मायक्रॉनपेक्षाही, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही लहान असतात. असे कण लाल प्रकाशापेक्षा निळा प्रकाश अधिक विखुरतात. धुळीचे कण त्या मानाने बरेच मोठे. ते सर्व रंग जवळपास सारखेच विखुरतात आणि त्यांतील लोहाची संयुगे निळा रंग शोषून घेतात. निरनिराळ्या तरंगलांबींवरील प्रकाशाची तुलना करून कण बारीक आहेत की भरड, याचा अंदाज शास्त्रज्ञ बांधतात.

परंतु खालची जमीनच पिवळट असेल तर? थरच्या वाळवंटावरून उडणारी धूळ साध्या छायाचित्रात जवळजवळ दिसेनाशी होते. त्यावर अवरक्त किरणांनी उपाय सापडला. पृथ्वीचा पृष्ठभाग उष्णतेच्या रूपाने जी ऊर्जा बाहेर टाकतो, ती सुमारे ११ आणि १२ मायक्रॉन या दोन तरंगलांबींवर मोजली जाते. हिमकणांचे विरळ ढग यांपैकी १२ मायक्रॉनची ऊर्जा अधिक अडवितात. खनिज धूळ मात्र ११ मायक्रॉनची ऊर्जा अधिक अडविते. म्हणजे एका मापातून दुसरे वजा केले, की ढगाची बाकी एका चिन्हाची येते आणि धुळीची उलट्या चिन्हाची. याच वजाबाकीला रंग देऊन 'मेटिओसॅट'च्या चित्रांत धूळ गडद गुलाबी दाखविली जाते. उष्णतेवर आधारलेली असल्याने ही युक्ती रात्रीही चालते. वाळवंटातील धूळ मोजण्याची दुसरी एक पद्धत गडद निळ्या प्रकाशाचा उपयोग करते. पिवळी वाळू निळ्या प्रकाशात काळसर दिसते आणि त्या काळसर पटावर धूळ उठून दिसते.

तिसरी युक्ती अतिनील किरणांची असून तिचा जन्म काहीसा योगायोगाने झाला. १९७८ मध्ये सोडलेल्या 'निंबस-७' या उपग्रहावरील एक उपकरण ओझोन वायू मोजण्यासाठी होते. त्याच्या नोंदी तपासताना, धूर किंवा धूळ असलेल्या ठिकाणी अतिनील किरणांचे गणित बिघडते, असे आढळले. हवेचे रेणू अतिनील किरण मोठ्या प्रमाणावर विखुरतात; मधे काजळी किंवा धूळ असेल तर ते शोषले जातात. ओझोनच्या मोजणीतील हा अडथळाच १९९० च्या दशकात धूर-धूळ शोधण्याचे साधन बनला. ढगांच्या वर तरंगणारा धूरही त्याला ओळखता येतो. २०१७ पासून कार्यरत असलेला युरोपचा 'सेंटिनेल-५पी' हेच काम पुष्कळ अधिक बारकाईने करतो.

ठिणगी कशी सापडते?

धूर जेथून निघतो ती आग शोधणे हे वेगळे तंत्र आहे. कोणतीही वस्तू तापली, की ती बाहेर टाकत असलेल्या ऊर्जेचा कळस कमी तरंगलांबीकडे सरकतो. सामान्य तापमानाची जमीन ११ मायक्रॉनच्या आसपास सर्वाधिक ऊर्जा सोडते, तर जळते जंगल ४ मायक्रॉनच्या आसपास झळकते. एखाद्या चित्रबिंदूचे, म्हणजेच पिक्सेलचे, ४ मायक्रॉनवरील तापमान शेजाऱ्यांच्या तुलनेत एकदम चढलेले दिसले, की संगणक तेथे आगीची खूण करतो. त्यामुळे संपूर्ण बिंदू पेटलेला असण्याची गरज नसते. 'मोडिस'चा चित्रबिंदू एक किलोमीटर लांब-रुंद असला, तरी त्यातील सुमारे हजार चौरस मीटरची धगधगती आगही त्याला बहुधा सापडते.

या सोयीचीच दुसरी बाजू अशी, की नकाशावरील लाल ठिपका म्हणजे आगीचा आकार नव्हे. 'व्हिअर्स'चा चित्रबिंदू ३७५ मीटरचा आहे. म्हणजे एका बिंदूत सुमारे १४ हेक्टर, अर्थात ३५ एकर जमीन मावते. ठिपका त्या तुकड्याच्या मध्यावर काढला जातो. आग त्याच्या कोणत्याही कोपऱ्यात असू शकते. एकाच मोठ्या आगीचे अनेक ठिपके होऊ शकतात आणि शेजारच्या तीन लहान आगी मिळून एकच ठिपका उमटू शकतो. विटांच्या भट्ट्या किंवा पोलादाचे कारखानेही अधूनमधून या जाळ्यात येतात. एवढ्या मर्यादा असूनही या माहितीचे मोल मोठे आहे. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहांनी टिपलेल्या आगींची सूचना राज्यांच्या वन विभागांना देते. फेब्रुवारी ते मे या काळात मेळघाट किंवा गडचिरोलीच्या जंगलात वणवा लागला, तर वनरक्षकाच्या भ्रमणध्वनीवर येणारा संदेश याच यंत्रणेतून निघालेला असतो. प्रत्यक्ष जागेवर जाऊन आग शोधण्याचे आणि विझविण्याचे काम अर्थातच त्यालाच करावे लागते.

धूर आहे, पण किती उंचीवर?

आता सर्वांत कळीच्या प्रश्नाकडे वळू. उपग्रह वरून खाली पाहतो. त्याच्या दृष्टीने जमिनीपासून आकाशापर्यंतचा हवेचा संपूर्ण स्तंभ एकच असतो. त्या स्तंभातील कणांमुळे सूर्यप्रकाश किती अडला, हे एका अंकाने सांगितले जाते. मराठीत त्याला 'प्रकाशीय जाडी' म्हणता येईल. हा अंक ०.१ असेल तर आकाश स्वच्छ. १ झाला तर सरळ खाली येणाऱ्या प्रकाशापैकी जेमतेम ३७ टक्के मार्ग न बदलता जमिनीवर पोहोचतो. ३ झाला तर अवघा ५ टक्के. मात्र हे कण छपराच्या उंचीवर आहेत की विमानाच्या, याविषयी हा अंक काहीच बोलत नाही. आणि श्वास घेणाऱ्याच्या दृष्टीने तोच प्रश्न महत्त्वाचा असतो.

याचे बोलके उदाहरण कॅलिफोर्नियातील आहे. ९ सप्टेंबर २०२० रोजी वणव्यांच्या धुराने सॅन फ्रान्सिस्कोचे आकाश दिवसाढवळ्या नारिंगी झाले. भर दुपारी दिवे लावावे लागले. ती छायाचित्रे जगभर गाजली. परंतु त्या दिवशी शहरातील जमिनीलगतची हवा दिसत होती तितकी वाईट नव्हती. पॅसिफिक महासागरावरून आलेल्या थंड, दमट हवेच्या थराने धुराला वरच रोखून धरले होते. पुढील काही दिवसांत नारिंगी रंग ओसरला, धूर खाली उतरला आणि श्वासासाठी हवा खऱ्या अर्थाने घातक झाली. आकाशाचा रंग पाहून घराबाहेर पडायचे की नाही हे ठरविणाऱ्यांचा अंदाज त्या आठवड्यात दोन्ही वेळा चुकला असता.

कॅनडातील २०२३ च्या वणव्यांनी हेच एका देशात नव्हे, तर दोन खंडांत दाखविले. त्या वर्षी कॅनडात दीड कोटी हेक्टरहून अधिक क्षेत्र जळाले. जूनच्या पहिल्या आठवड्यात क्वेबेक प्रांतातील धूर वाऱ्याबरोबर दक्षिणेकडे वळला आणि जमिनीलगत उतरून न्यूयॉर्कवर पसरला. ७ जून रोजी तेथील हवा निर्देशांक ४०० च्या वर गेला. शाळांचे बाह्य कार्यक्रम रद्द झाले, विमाने रखडली. त्याच महिन्याच्या अखेरीस कॅनडाचा धूर अटलांटिक महासागर ओलांडून पोर्तुगाल आणि स्पेनवर पोहोचला. उपग्रहांच्या नकाशांवर तो ठळक दिसत होता. परंतु तो बराच उंचावर असल्याने जमिनीवरील हवेवर त्याचा परिणाम फारसा झाला नाही. सूर्यास्त तेवढे लालभडक झाले.

ही उंची मोजण्यासाठी वेगळी साधने लागतात. 'टेरा'वरील एक उपकरण नऊ कॅमेऱ्यांनी एकाच जागेकडे नऊ कोनांतून पाहते. आपल्या दोन डोळ्यांना जसा अंतराचा अंदाज येतो, तसाच त्याला धुराच्या लोटाच्या उंचीचा येतो. याहून नेमके साधन म्हणजे लेसर. २००६ मध्ये सोडलेला अमेरिका-फ्रान्सचा 'कॅलिप्सो' उपग्रह लेसरचे स्पंद खाली सोडत असे आणि परतलेल्या प्रकाशाच्या वेळेवरून कणांच्या थरांची उंची काढत असे. ऑस्ट्रेलियातील २०१९-२० च्या भीषण वणव्यांचा धूर आगीतून निर्माण झालेल्या गडगडाटी ढगांच्या वाटे स्थितांबरात घुसला. त्यातील एक लोट सुमारे हजार किलोमीटर व्यासाच्या भोवऱ्यासारखा गोल झाला. काजळी सूर्यकिरणांनी तापत गेल्याने तो वर वर चढत सुमारे ३५ किलोमीटरपर्यंत पोहोचला आणि तीन महिन्यांत त्याने हजारो किलोमीटरचा प्रवास केला. लेसरची नजर नसती, तर ही गोष्ट कोणाच्या ध्यानात येणे कठीण होते.

धुळीच्या बाबतीतही 'कॅलिप्सो'ने मोलाची माहिती दिली. सहारा वाळवंटातून दर वर्षी सरासरी १८ कोटी टनांच्या आसपास धूळ अटलांटिककडे निघते आणि तिच्यापैकी सुमारे २ कोटी ८० लाख टन अ‍ॅमेझॉनच्या जंगलावर पडते, असा हिशेब त्याच्या नोंदींवरून २०१५ मध्ये मांडण्यात आला. या धुळीबरोबर दर वर्षी सुमारे २२ हजार टन फॉस्फरसही त्या जंगलाला मिळतो. 'कॅलिप्सो' २०२३ मध्ये निवृत्त झाला. मे २०२४ मध्ये युरोप आणि जपान यांनी मिळून सोडलेला 'अर्थकेअर' आता लेसरची ही जबाबदारी सांभाळतो. मात्र लेसरची रेघ अत्यंत अरुंद असते. उपग्रह ज्या रेषेवरून जातो तिच्याखालचेच त्याला दिसते. शेजारचे शहर सुटते.

पंजाबचे आकडे आणि दुपारचे दीड

उंचीप्रमाणेच वेळेचाही प्रश्न आहे आणि भारतात तो थेट धोरणापर्यंत पोहोचला आहे. भातकापणीनंतर पंजाब आणि हरियाणात शेतातील खुंट जाळण्याच्या घटना दर वर्षी १५ सप्टेंबर ते ३० नोव्हेंबर या काळात उपग्रहांच्या साहाय्याने मोजल्या जातात. पंजाबातील अशा घटनांची अधिकृत संख्या २०२० मध्ये ८३ हजार २, २०२१ मध्ये ७१ हजार ३०४, २०२२ मध्ये ४९ हजार ९२२, २०२३ मध्ये ३६ हजार ६६३ आणि २०२४ मध्ये अवघी १० हजार ९०९ होती. हे आकडे खरोखरच मोठे यश दाखवितात. पंजाबात खुंट जमिनीतच गाडून गव्हाची पेरणी करणारी यंत्रे मोठ्या प्रमाणावर वाटली गेली आहेत, हेही खरे.

तथापि, २०२४ च्या हंगामात नासाच्या गोडार्ड केंद्रातील शास्त्रज्ञ हिरेन जेठवा यांनी एका विसंगतीकडे लक्ष वेधले. आगींची संख्या एवढी घटूनही त्या प्रदेशावरील हवेतील कणांचे प्रमाण त्या मानाने कमी झालेले दिसत नव्हते. दक्षिण कोरियाच्या भूस्थिर उपग्रहाच्या चित्रांत दुपारी उशिरा धुराचे दाट लोट दिसत होते. आगी मोजणारे ध्रुवीय उपग्रह मात्र दुपारी दीडच्या आसपास येऊन गेलेले असतात. म्हणजेच काही आगी उपग्रह निघून गेल्यावर लावल्या जात असाव्यात, अशी शंका त्यातून पुढे आली. नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्लीच्या प्रदूषणावरील सुनावणीत हा विषय सर्वोच्च न्यायालयासमोरही निघाला. २०२५ मध्ये पंजाबातील अधिकृत संख्या आणखी उतरून ५ हजार ११४ वर आली. पण आकड्यांच्या विश्वासार्हतेचा प्रश्न त्यामुळे आपोआप सुटत नाही.

मग भूस्थिर उपग्रहानेच आगी का मोजू नयेत? येथेच आधी सांगितलेली तडजोड आडवी येते. इन्सॅटच्या आगशोधक तरंगलांबीतील चित्रबिंदू चार किलोमीटरचा आहे. म्हणजे एका बिंदूत १,६०० हेक्टर क्षेत्र येते. दोन-चार एकरांत थोडा वेळ भडकून विझणारी आग एवढ्या मोठ्या बिंदूत हरवून जाते. कोरियाच्या उपग्रहाच्या नजरेत तर भारत अगदी कडेला येतो. त्यामुळे भूस्थिर चित्रांत धूर दिसतो, पण तो कोणत्या शेताचा हे सांगता येत नाही. यावर एक उपाय म्हणजे आग न मोजता जळालेली जमीन मोजणे. 'सेंटिनेल-२' सारखे उपग्रह दर काही दिवसांनी दहा-वीस मीटरपर्यंतचा तपशील दाखवितात आणि आग केव्हाही लावलेली असो, काळी पडलेली जमीन नंतर दिसतेच. अर्थात, नांगर लवकर फिरला तर हा पुरावाही मातीआड जातो.

हा वाद केवळ शास्त्रज्ञांपुरता नाही. पंजाबात उपग्रहाच्या ठिपक्यांवरून शेतांची तपासणी होते, दंड आकारला जातो, गुन्हे नोंदविले जातात आणि महसुली दप्तरात लाल शेरा मारला जातो. दुपारी एक वाजता खुंट जाळणारा शेतकरी अशा रीतीने नोंदीत सापडतो आणि चार वाजता जाळणारा सुटतो. दुसरीकडे दिल्लीतील रुग्णालयांत खोकणाऱ्या माणसाला आगींची संख्या घटल्याचे सांगून त्याच्या फुप्फुसांना काहीच दिलासा मिळत नाही. उपाययोजना कितपत लागू पडली हे कळायचे, तर मोजमाप विश्वासार्ह असले पाहिजे.

जमिनीवरची साक्ष

उपग्रहाची साक्ष पडताळून पाहण्यासाठी जमिनीवरील साक्षीदार लागतो. त्यासाठी नासाने १९९० च्या दशकात 'एरोनेट' हे जाळे उभारण्यास सुरुवात केली. सूर्याकडे रोखलेली छोटी प्रकाशमापक यंत्रे जगभर शेकडो ठिकाणी बसविण्यात आली आहेत. जमिनीवरून सूर्याकडे पाहून ती हवेतील कणांमुळे किती प्रकाश अडला ते मोजतात आणि उपग्रहाचा अंक त्यांच्याशी ताडून पाहिला जातो. कानपूरच्या आयआयटीत असे केंद्र २००१ पासून आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतही आहे.

श्वासातील हवा मोजणारी यंत्रे याहून निराळी. अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण, म्हणजे केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या भागाएवढे कण, घनमीटरमध्ये किती मायक्रोग्रॅम आहेत हे ती सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मर्यादा २४ तासांसाठी १५ मायक्रोग्रॅम आहे. भारताचे मानक ६०. उपग्रहाच्या अंकावरून हा आकडा काढायचा, तर हवेची आर्द्रता आणि जमिनीलगतच्या हवेच्या थराची जाडी माहीत असावी लागते. हिवाळ्यातील सकाळी हा थर काही शे मीटरच असतो, उन्हाळ्याच्या दुपारी तो काही किलोमीटरपर्यंत फुगतो. तेवढाच धूर हिवाळ्यात कमी जागेत कोंडला जातो आणि त्याची तीव्रता अनेक पटींनी वाढते. शिवाय परावर्तित सूर्यप्रकाशावर चालणारी मोजणी रात्री बंद पडते, ढगांखाली ती पोहोचत नाही आणि कधीकधी धूर इतका दाट होतो, की संगणक त्यालाच ढग समजून वगळतो. परिस्थिती सर्वांत वाईट असते, नेमक्या त्याच वेळी नकाशावर कोरी जागा उरते.

म्हणूनच आजचे अंदाज एकट्या चित्रावर बेतलेले नसतात. आगींचे ठिकाण, प्रकाशीय जाडी, वाऱ्याची दिशा आणि जमिनीवरील केंद्रांचे आकडे हे सारे संगणकीय प्रारूपात एकत्र घातले जाते आणि पुढील दोन-तीन दिवसांचे चित्र काढले जाते. दिल्लीसाठी २०१८ पासून चालणारी हवेच्या गुणवत्तेची पूर्वसूचना यंत्रणा पुण्याच्या याच संस्थेने विकसित केली आहे.

चित्र वाचताना

नासाच्या 'वर्ल्डव्ह्यू' या संकेतस्थळावर दररोजची उपग्रहचित्रे कोणालाही विनामूल्य पाहता येतात. तेथे किंवा बातमीसोबत छापलेल्या नकाशात लाल-तपकिरी पट्टा दिसला, की तीन गोष्टी अवश्य तपासाव्यात. चित्र किती वाजताचे आहे? कारण दुपारच्या एका क्षणाला साऱ्या दिवसाची हकिगत ठाऊक नसते. धूर किंवा धूळ किती उंचीवर आहे? कारण आकाश गढूळ असूनही खालची हवा बरी असू शकते आणि आकाश निवळल्यानंतरही ती वाईट असू शकते. आणि जवळच्या केंद्रातील जमिनीवरचा आकडा काय सांगतो? घराबाहेर पडणे, मुखपट्टी बांधणे, वृद्धांना आणि दमेकऱ्यांना जपणे हे निर्णय या तिसऱ्या आकड्यावर घ्यावयाचे असतात.

अडचण इतकीच, की हा तिसरा आकडा सर्वांच्या वाट्याला येत नाही. सतत मोजणी करणारी केंद्रे बहुतांशी शहरांत आहेत. मुंबई-पुण्याच्या रहिवाशाला २०२२ च्या जानेवारीतील धुळीचे मोजमाप तासातासाला मिळत होते. वणव्याच्या हंगामात गडचिरोलीच्या पाड्यावर राहणाऱ्याला, किंवा खुंट जळत असताना पंजाबातील त्याच गावात श्वास घेणाऱ्या शेतमजुराला, त्याच्या हवेत काय आहे हे सांगणारे यंत्र आसपास नसते. त्याच्यापुरता उपग्रह हाच एकमेव साक्षीदार आहे. ती साक्ष अधिक भरवशाची करायची, तर अवकाशात नवे डोळे धाडण्याबरोबरच गावांतही मोजणीची यंत्रे पोहोचली पाहिजेत.